चारी पेटली

४ जानेवारी २००४, रविवार

चौथं प्रकरण टाइप होऊन आलं. 'उपग्रहचित्रांतून हवेतील धूर ओळखणे.' वाचायला घेतलं आणि स्वतःच्याच वाक्यांवर खूश होत बसले. प्र. म्हणाला, नवऱ्याकडे बघून कधी अशी हसली नाहीस. तो शाळेत गणित शिकवतो, त्याला टोमणेसुद्धा मोजून मारता येतात.

आठ वर्षं झाली या पीएच.डी.ला. कॉलेजात भूगोल शिकवून, घरचं बघून जेवढं होतं तेवढं. लोकांनी विचारायचंही सोडून दिलंय. पण सर ३० एप्रिलला निवृत्त होतायत. त्याआधी प्रबंध गेला तर त्यांच्या सहीनं जाईल. नाही तर नवीन मार्गदर्शक, नवीन नोंदणी, आणि मी बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर. तेव्हा एप्रिल. एप्रिल म्हणजे एप्रिल.

प्रकरणाचा जीव बारा दिवसांत आहे. बारा दिवसांची चित्रं, त्यांत आपल्या जिल्ह्यावरचा धूर. ऊस तुटून गेला की शेतात पाचट पेटवतात, त्याचा. त्यातला 'बु.' सगळ्यात देखणा. बु. म्हणजे गेल्या मार्चातला एक बुधवार. कागलपासून पन्हाळ्यापर्यंत तपकिरी चादर, नदीसुद्धा पुसट. असं चित्र नशिबानं मिळतं.

नुसतं चित्र चालत नाही, जमिनीवरचा साक्षीदार लागतो. माझे साक्षीदार आबा. वडिलांना छापील पोस्टकार्डांचा गठ्ठा देऊन ठेवलाय: तारीख, कुठं, काय पेटलं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तीस वर्षं जळण सारलेला माणूस, आगीबद्दल त्यांना कोण शिकवणार. लिहायला मात्र चाळिशीत शिकले, त्यामुळे दोन शब्दांच्या वर जात नाहीत. बु.च्या कार्डावर: 'चारी पेटली'. गावाच्या चारी बाजू! ते कार्ड चित्राखाली छापलंय.

११ जानेवारी, रविवार

पेपरात बातमी. सरांनी कुणा वार्ताहराला सांगितलेलं दिसतंय. 'कागल तालुका धुरात, उपग्रहाने पकडले.' आत बु.चं चित्र, काळ्यापांढऱ्यात, त्यामुळे जिल्हा शाई सांडल्यासारखा. माझं नाव सुमनचं सुमती झालंय. गावाचं नाव मात्र बरोबर छापलंय, आमच्या गावाचं. तेवढं नको होतं.

तरी आवडलं. खोटं का बोला. प्र.नं पाच प्रती आणल्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, वरनं आमची गच्ची दिसती का, वाळवण घातलंय. म्हटलं, दिसत नाही. जरा हिरमुसल्या.

२२ जानेवारी

आबांचा फोन, गावच्या एसटीडी बूथवरून. तालुक्याच्या कचेरीतून ग्रामपंचायतीला नोटीस आलीय, पाचट पेटवाल तर कारवाई. ती फळ्यावर लावलीय आणि शेजारी माझ्या बातमीचं कात्रण. बुधवारचा दाखला नोटिशीतही दिलाय.

"पोरगीनं वरनं बघितलं म्हणत्यात समदी," आबा म्हणाले. राग नव्हता. पण अभिमानही नव्हता, जो मला ऐकायचा होता. लोक काय म्हणतात विचारलं तर म्हणाले, लोक काय, लोक हायतच. मग बूथवाला घाई करतोय म्हणून ठेवला.

पाचट जाळणं वाईटच आहे. मी चुकीचं काय केलंय?

३ फेब्रुवारी, मंगळवार

सीडी आली! जूनमध्ये अर्ज केला होता, फेब्रुवारीत उगवली. इतके दिवस सायबर कॅफेत बसून डोळ्यांना दिसतात तेवढीच चित्रं उतरवत होते. या सीडीत त्याच दिवसांची उष्णतेची चित्रं आहेत. परीक्षकांनी विचारलं तर पुरावा हवा, म्हणून मागवलेली. यातली गंमत अशी की धूर फार बारीक असतो, उष्णतेचे किरण त्याच्या आरपार जातात. म्हणजे साध्या चित्रात धूर दिसतो आणि उष्णतेच्या चित्रात गायब होतो. धूळ जाड. ती दोन्हीकडे राहते.

कॉलेजच्या संगणकावर एकेक चित्र उघडायला दहा-दहा मिनिटं. पहिला दिवस: गायब. दुसरा: गायब. टाळ्या वाजवाव्यात असं वाटत होतं. अकरा दिवस लागोपाठ गायब.

बु. गायब होत नाही.

४ फेब्रुवारी

पुन्हा बघितलं. सीडी पुसून बघितली. दुसऱ्या संगणकावर बघितलं. बु. आहे तिथंच, कागलपासून पन्हाळ्यापर्यंत.

सीडीत खोट असणार. पोस्टात उन्हात पडली असेल.

पोह्यात मीठ नाही म्हणून प्र.वर चिडले. पोहे मीच केले होते.

८ फेब्रुवारी, रविवार

गावी. सकाळच्या एसटीनं गेले. आबा बाळूअण्णांच्या गुऱ्हाळावर होते. बाळूअण्णा मालक, आबांपेक्षा वयानं लहान. आता काम झेपत नाही, तरी आबा चुलवाणाजवळ जाऊन बसतात आणि आत जळण सारणाऱ्यांना शिकवतात. त्यांना ते आवडत नसणार. ताजी काकवी खाल्ली. मग विषय काढला. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"आबा, गेल्या मार्चात, यात्रेच्या पाठच्या बुधवारी पाचट कुणी कुणी पेटवलंतं?"

"यात्रंच्या हप्त्यात पाचट कोण पेटवतंय?"

"तुम्हीच लिहिलंय की कार्डावर. चारी पेटली."

"मग? पेटलीच की. यात्रंला पाच दिस बंद हुती. बुधवारी चारी पेटली."

"चारी काय, आबा?"

त्यांनी माझ्याकडं, शिकलेल्या माणसाकडं बघतात तसं बघितलं. "गुऱ्हाळं."

आमच्या शिवारात गुऱ्हाळं चारच. गुऱ्हाळ पेटलं म्हणजे सुरू झालं, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. मला ठाऊक. मी याच मातीत, याच काकवीवर वाढले. आणि व्याकरण? चारी बाजू असत्या तर आबांनी 'पेटल्या' लिहिलं असतं. 'पेटली' म्हणजे गुऱ्हाळंच. कार्डावर ती दीर्घ ली केवढी ठसठशीत आहे! आधी चित्र बघितलं, मग कार्ड वाचलं. कार्डानं काय सांगावं हे आधीच ठरलं होतं.

मग आभाळ मातकट कशानं होतं, विचारलं.

"त्ये व्हय? ती धूळ हुती. दोन दिस. धुराला वास असतो की. वास न्हाय, डोळ्याला पाणी न्हाय, नुसती दातात कचकच. बाळूअण्णाच्या गुळात उतरली, आक्खं आदण वाया गेलं."

"मग कार्डावर का नाही लिहिलंत?"

"काय पेटलं एवढंच इचारलंस तू. धूळ पेटतीया व्हय?"

परत येताना एसटीत खिडकीशी जागा मिळाली. बाहेर काही बघितलं नाही.

९ फेब्रुवारी

तासाला वारे शिकवायचे होते, दोनदा दिशा चुकल्या. मुलींनी दुरुस्त केलं.

लिहूनच टाकते. मनात आलं: सीडी फक्त माझ्याकडं आहे. परीक्षक मागणार नाहीत, मागितली तर अकरा दिवस दाखवता येतील. आबा कुणाला सांगायला जाणार नाहीत. एप्रिलमध्ये प्रबंध जाईल, मी डॉक्टर होईन आणि गावाच्या फळ्यावरचा कागद पावसाळ्यात आपोआप गळून पडेल.

हे सगळं मी अर्धा तास नीट विचार करून ठरवलं. मग स्वतःची शिसारी आली. प्र.ला सांगितलं. तो म्हणाला, गणितात एक पायरी चुकली तर मी मार्क कापतो, बाकीचं बरोबर असलं तरी. मग म्हणाला, पण पोरगं स्वतः येऊन सांगत असेल तर कापत नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आबा एसटीनं आले, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा अर्धा रवा, म्हणजे अर्धी ढेप. वाया गेलेल्या त्या आदणातलाच, त्या काहिलीतला. व्यापाऱ्यानं परत केलेला, बाळूअण्णांनी म्हशींसाठी माळ्यावर टाकून ठेवलेला. वर्षात काळाठिक्कर पडलाय, मुंग्यांनीही नाकारलाय. "तुला लागंल वाटलं," म्हणाले. चहा घेतला, प्र.च्या शर्टाचं बटण तुटलंय हे त्याला दोनदा सांगितलं आणि दुपारच्या गाडीनं परत. मला काय लागेल हे त्या माणसाला माझ्याआधी कळतं.

संध्याकाळी कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उघडून घेतली. गूळ पाण्यात विरघळवला, गाळला. कागदावर राहिलेल्यात चिपाडाचे धागे, काजळी आणि एक बारीक, फिकट विटकरी पूड. बोटावर घेतली तर पावडरीसारखी. भूगर्भशास्त्राच्या देसाई बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मग म्हणाल्या, हे कण गोल झिजलेत, हे लांबून वाऱ्यावर आलेत. आपली माती अशी नसते.

कुठून? वाळवंटातून, बहुतेक समुद्रापलीकडच्या. बु.च्या आधीच्या दोन दिवसांची चित्रं काढून बघितली. अरबी समुद्रावर तीच चादर, पश्चिमेकडून येताना. मी ती कधी उघडलीच नव्हती. मला समुद्राशी काय करायचं होतं? माझा विषय कागल.

कुणाची तरी वाळू उडून आमच्या बाळूअण्णांच्या गुळात उतरली! आज वाईट वाटायला हवं होतं. वाटलंच नाही. आठ वर्षांत इतकी मजा पहिल्यांदा आली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सरांना सांगितलं. दोन्ही चित्रं, कार्ड, पुडीतली धूळ, सगळं टेबलावर मांडलं.

सर चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. बु. त्यांनी चार ठिकाणी व्याख्यानात दाखवलंय. मागच्या महिन्यात पुण्याला, मोठमोठ्या लोकांसमोर. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, बु. काढून टाका, अकरा दिवस पुरे आहेत, प्रबंध वेळेत जाईल. खोटं काहीच राहत नाही.

म्हटलं, सर, फळ्यावरच्या नोटिशीत बु.च आहे.

ते म्हणाले, नोटीस तुम्ही काढलेली नाही.

म्हटलं, वाचलं मी होतं.

त्यावर त्यांनी बु. उचलून खिडकीकडं धरलं. "मग चौथ्याची दोन प्रकरणं होतील, मॅडम. धूर वेगळा, धूळ वेगळी. आणि एप्रिल होणार नाही." हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, हवामान सांगावं तसं म्हटलं. निघताना पुडी मागून घेतली आणि पुन्हा पाहिली. परत द्यायला विसरले.

२२ फेब्रुवारी, रविवार

गावी जाऊन सांगून आले. सभा वगैरे नाही, बाळूअण्णांच्या गुऱ्हाळावर दुपारी पंधरा-वीस माणसं असतातच. म्हटलं, बुधवारचं तुमचं काही नाही, ती धूळ होती, मी चुकीचं वाचलं, कचेरीला पत्र लिहिलंय. पत्राची एक प्रत दिली.

काहिलीतला रस रटरटत होता. मग एक म्हातारबा म्हणाले, "म्हंजे आमी न्हाय जाळलं."

"त्या दिवशी नाही."

"मग बाकीचं अकरा दिस पण धूळच म्हण की, बाई. एवढी आलीयास तर."

सगळे हसले, आबा सगळ्यात जोरात. म्हटलं, ते अकरा दिवस तुमचेच आहेत, त्यात एक शब्द बदलणार नाही. बाळूअण्णा म्हणाले, व्हय, त्ये आमचंच हायत, पर येवढा गूळ वाया घालवला त्या वाळूनं, तिच्यावर कुणी नोटीस काढायची? निघताना त्यांनीच रवाभर गूळ बांधून दिला. हा स्वच्छ होता.

आई म्हणाली, पेपरात तुझं नाव परत छापून येणार का. म्हटलं, आलं तर चूक म्हणून येईल. "येऊ दे की. तेवढं नाव तरी नीट छापा म्हणावं."

७ मार्च

कचेरीचं उत्तर नाही. पेपरवाले म्हणाले, बघतो. म्हणजे छापणार नाहीत.

लिहिते आहे. धुरावरचं प्रकरण एका आठवड्यात आटोपलं, छोटं झालं आणि चांगलं झालं. धुळीचं नवं. रोज पहाटे दोन तास, प्र. चहा ठेवतो. कार्डही बदललं. आता प्रश्न असे: आभाळ कसं आहे. वास आहे का. दातात कच लागते का. काय पेटलं, हा शेवटी. आबांना तीस कार्डं पाठवली, चंदगडला माझी मैत्रीण शाळेत आहे तिला तीस. तिकडं पावसाचा तालुका, तिथं धूळ पोचते का बघायचं.

आबांचं पहिलं कार्ड: 'निळं. न्हाय. न्हाय. काय न्हाय.' एवढं लांब त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं.

२१ मार्च

संगणक बंद पडला. धुळीची बावीस पानं गेली. रडले नाही, हे इथं मुद्दाम नोंदवते. प्र. म्हणाला, हातानं लिहिलेलं आहे ना, मी टाइप करतो. तो एका बोटानं टाइप करतो. दर पानाला विचारतो, हे वाक्य खरंच असं हवंय का. निम्म्या वेळा त्याचं बरोबर असतं, ते त्याला सांगत नाही.

१४ एप्रिल

जयंती. गावी. सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. निळे फेटे, पोरींचं लेझीम. या वर्षी मीही दोन चौक खेळले, गुडघा दुखतोय. जेवताना आबा पाहुण्यांना सांगत होते, कार्ड माझंच हुतं, मी नीट लिवलं न्हाय म्हणून पोरीचं पुस्तक अडलं. मी म्हटलं, तुम्ही नीटच लिहिलं होतं. ते ऐकेनात. शेवटी पाहुण्यांसमोर व्याकरण सांगितलं, बाजू स्त्रीलिंगी, गुऱ्हाळ नपुंसकलिंगी. पाहुण्यांना काय कळलं माहीत नाही. आबांना कळलं. नंतर बराच वेळ स्वतःशीच म्हणत होते, म्हंजे माझंच बरूबर हुतं.

२३ एप्रिल, शुक्रवार

होत नाही. धुळीचं प्रकरण अजून निम्मं आहे. रेटून संपवता येईल, पण तसं रेटूनच बु. झाला होता.

वाईट वाटतंय. खूप नाही, पण वाटतंय. आठ वर्षं एकच तारीख डोळ्यासमोर होती. चौकशा करून एक वाट सापडलीय: निवृत्तीनंतरही वर्षभर सरांनाच मार्गदर्शक ठेवावं असा अर्ज करता येतो. सरांची सही हवी, ते पदावर असतानाची. मंजूर होतोच असं नाही. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय. सर सोमवारपासून आवराआवरीत आहेत आणि माझ्याशी धड बोललेले नाहीत. जमेना तोंड उघडायला.

३० एप्रिल, शुक्रवार

सरांचा निरोप समारंभ. विभागाच्या मोठ्या खोलीत, दुपारी चारला. शाल, श्रीफळ, तीन भाषणं, तिन्हींत सर शिस्तप्रिय. मग सर उठले. म्हणाले, बोलत नाही, एक चित्र दाखवतो. पडद्यावर बु.



"हे चित्र मी चार व्याख्यानांत दाखवलं आणि धूर म्हणून सांगितलं," सर म्हणाले. "ही धूळ आहे. मी उष्णतेचं चित्र यायची वाट बघितली नाही. वार्ताहराला सांगायची घाईही मीच केली. चूक मार्गदर्शकाची असते." खिशातून पुडी काढली, माझी, फेब्रुवारीतली. पुढच्या रांगेत फिरवायला दिली.

लोक टाळ्या वाजवायला लागले आणि मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. म्हटलं, सर, कार्ड मी वाचलं होतं, चूक माझी आहे.

"मॅडम, आज तरी माझं चालू द्या," सर म्हणाले. सगळे हसले. मी बसले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, शेजारच्या देसाई बाईंनी पदर पुढं केला.

चहा-वड्याच्या गर्दीत त्यांच्याकडं अर्ज नेला. वाचला. नामंजूर झाला तर काय, विचारलं. म्हटलं, तर नवीन नोंदणी, पहिल्यापासून. करणार का? म्हटलं, करणार. पेन मागितला, सही केली. सहीखाली सवयीनं 'विभागप्रमुख' लिहिलं, मग थांबले आणि घड्याळ बघितलं. "अजून वीस मिनिटं आहे मी. पळा."

पळाले. दोन जिने, साडी धरून. आवक-जावकच्या खिडकीत बाई कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. उद्या सुट्टी, सोमवारी या म्हणाल्या. म्हटलं, सोमवारी सर नसतील. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग शिक्का काढला, आजच्या तारखेचा. अर्ज आत ठेवून घेतला. मंजूर कधी होईल विचारलं तर म्हणाल्या, कळवू.